समूहगानाचा ताल कोण धरतो?

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे आठवडी बाजाराचे मोठे गाव. अशा गावातल्या एखाद्या मोठ्या शाळेत रोज सकाळी पाच-सहाशे मुले मैदानावर वर्गवार रांगांत उभी राहतात आणि एकाच वेळी प्रार्थना म्हणतात. इतकी माणसे नियमाने एकत्र गातात असे दुसरे ठिकाण आपल्या समाजात शोधावे लागेल. देवळात, दिंडीत, चर्चमध्ये समूहगान होते, पण तेथे जाणारे आपल्या इच्छेने जातात. शाळेतल्या समूहगानात मात्र प्रत्येक मूल असते, गळा असलेले आणि नसलेलेही.

या प्रार्थनेविषयी शिक्षकांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. पहिली ओळ ठीक सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत लय रेंगाळू लागते. मागच्या रांगा पुढच्यांच्या मागून येतात आणि शेवटचा शब्द मैदानावर दोनदा ऐकू येतो. याचा दोष मुलांच्या आळसाला किंवा बेशिस्तीला दिला जातो. खरे तर यातला बराचसा भाग ध्वनीच्या वेगाचा आहे. अनेक माणसांचे गाणे एकत्र ठेवण्याची कला, जिला आपण वृंदगानाचे संचालन म्हणतो, ती याच अडचणीतून वाढली. निरनिराळ्या काळांत आणि प्रदेशांत माणसांनी या अडचणीवर कोणते उपाय शोधले आणि आज ते कसे बदलत आहेत, हे पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने उपयोगाचे आहे.

चाळीस मीटरांचे गणित

साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. मैदानावर पहिल्या रांगेपासून शेवटची रांग ४० मीटर अंतरावर आहे असे धरू. पुढच्या मुलांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला सुमारे ०.१२ सेकंद लागतील. प्रार्थनेची लय मिनिटाला ७५ ठोके असेल, तर एक ठोका ०.८ सेकंदाचा होतो. म्हणजे मागच्या मुलांना पुढचे गाणे ठोक्याच्या सातव्या हिश्श्याइतके उशिरा ऐकू येते.

हा उशीर लहान वाटतो. पण प्रतिध्वनी शिकवताना आपण ०.१ सेकंदाचाच आकडा सांगतो. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत एवढे अंतर पडले की कानाला ते दोन वेगळे आवाज म्हणून कळतात. म्हणजे ४० मीटरांच्या मैदानावर मुले एकमेकांचा प्रतिध्वनीच ऐकत असतात.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मागची मुले जे कानावर पडते त्याला धरून गातात, म्हणून ती ०.१२ सेकंद उशिरा गातात. त्यांचा आवाज पुढे यायला आणखी ०.१२ सेकंद लागतात. पुढच्या मुलांना वाटते, मागचे मागे पडले, त्यांच्यासाठी थांबावे. म्हणून ती किंचित सावकाश गातात. मागच्यांना ही मंद झालेली लय पुन्हा उशिरा मिळते. असे प्रत्येक ओळीत घडत गेले की सारे गाणे रेंगाळते. कोणीही आळस केलेला नसतो. उलट प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळून घेत असतो.

आता प्रकाशाचे पाहा. समोर उभ्या असलेल्या शिक्षकाचा हात खाली आल्याचे दृश्य ४० मीटरवर पोहोचायला एका सेकंदाचा सुमारे पंचाहत्तर लाखावा भाग लागतो. व्यवहारात हे दृश्य सर्वांना एकाच क्षणी दिसते. समूह लहान असेल तर कानाने एकत्र राहता येते; समूह मोठा झाला की डोळ्याची मदत घ्यावी लागते. संचालनाच्या इतिहासातला बराचसा भाग या एका वाक्यात मावतो.

टाळ, वीणा आणि चोप

हे तत्त्व पुस्तकात लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी लोकांनी अनुभवाने ओळखले होते. गोरोबाकाकांचे तेर मुरुडहून फार लांब नाही. आषाढीला या भागातून पंढरपूरकडे दिंड्या निघतात. दिंडीची रचना समूहगानाच्या दृष्टीने पाहण्यासारखी असते. टाळकरी दोन्ही बाजूंना समोरासमोर किंवा ओळीने असतात, मृदंग त्यांच्यामध्ये असतो आणि गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी असतो. अभंगाचा चरण आधी एक-दोघे उचलतात आणि मग सगळे म्हणतात. पुढच्याने म्हटलेल्या चरणात पट्टी, चाल आणि लय या तिन्ही गोष्टी सांगून झालेल्या असतात. वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

टाळाचे काम दुहेरी आहे. टाळाचा आवाज एकदम सुरू होतो आणि त्यात उच्च कंप्रतेचे स्वर भरपूर असतात. त्यामुळे ठोका नेमका केव्हा पडला हे कानाला अचूक कळते. गळ्यातून निघणारा स्वर हळू चढतो; त्याची सुरुवात इतकी नेमकी कळत नाही. दुसरे म्हणजे, टाळ धरलेले हात वर-खाली होताना आणि पावली टाकताना समोरच्याला दिसतात. म्हणजे दिंडीत प्रत्येक टाळकरी आपल्यासमोरच्याचा संचालक असतो.

लातूर जिल्ह्यातल्याच औशाला चक्रीभजनाची परंपरा आहे. येथे गाणारे एका जागी उभे न राहता चक्राकार फिरत भजन म्हणतात. वर्तुळाच्या रचनेचा फायदा भूमितीने समजतो. शंभर माणसे एकामागे एक अशी हातभर अंतराने उभी केली तर पहिला आणि शेवटचा यांत सुमारे ५० मीटर अंतर पडेल. तीच माणसे वर्तुळात उभी केली तर सर्वांत दूरचे दोघे सुमारे १६ मीटरवर येतात आणि सगळे एकमेकांना दिसतात. ही रचना भक्तीसाठी झाली, ध्वनिशास्त्रासाठी नाही. पण ती टिकली याला गाणे जुळून येण्याचा अनुभवही कारण असणार.

समूह हजारोंचा झाला की मात्र वेगळी व्यवस्था लागते. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी लावून दिली. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी सर्व दिंड्या टाळ-मृदंग वाजवीत गोलाकार उभ्या असतात. चोपदार आपला चोप, म्हणजे दंड, उंच करतो आणि सगळा आवाज एकदम थांबतो. हजारो माणसांना ही खूण एकाच क्षणी दिसते. ओरडून सांगून हे साधले नसते.

या प्रथेचा दुसरा भाग त्याहून विचार करण्यासारखा आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर त्या दिंडीतले टाळ चोप वर झाल्यावरही वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो आणि तिची दखल घेतली गेली की टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची आणि दुसऱ्या दिवशीच्या निघण्याच्या वेळेची घोषणा होते आणि आरती होते. खूण देणाऱ्याला समूहाचे ऐकावेही लागते, ही गोष्ट येथे नियमातच बसवलेली आहे. पुढचा इतिहास वाचताना हा चोपदार लक्षात ठेवावा.

दंडापासून छडीपर्यंत

हाताने स्वर दाखवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपाठशाळांत स्वरांचे चढउतार मानेच्या किंवा हाताच्या हालचालींनी दाखवतात. सामगायनात अंगठा बोटांच्या पेरांना लावून स्वर दाखवले जातात. गायनाच्या वर्गात टाळी आणि खाली हाताने दाखवतात, तीही एक प्रकारची संचालनाची भाषाच आहे. युरोपातही मध्ययुगात मठांतले गायक हाताच्या हालचालींवरून सुरावट ओळखत. इसवी सन १००० च्या सुमारास होऊन गेलेल्या ग्विदो या इटालियन भिक्षूच्या नावाने तळहातावरच्या पेरांची एक स्वरपद्धत ओळखली जाते. दोन दूरच्या परंपरांनी बोटांच्या पेरांचाच फळा करावा, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

पुढे वाद्ये वाढली, गायक वाढले. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार ल्युली जमिनीवर जड दंड आपटून ताल देत असे. १६८७ साली असा ताल देताना दंड त्याच्याच पायावर पडला, जखम चिघळली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. पण या पद्धतीचा खरा दोष वेगळा होता. दंडाचा ठोका हा आवाज होता, त्यामुळे तो दूरच्यांना उशिराच मिळे, शिवाय गाण्यात मिसळून ते बिघडवी.

एकोणिसाव्या शतकात आवाज न करणारी हलकी छडी आली. जर्मन संगीतकार श्पोर आणि मेंडेल्सोन यांनी तिचा प्रसार केला. याच काळात, १८१५ साली, मेल्त्सेलने लयमापक यंत्राचे पेटंट घेतले आणि मिनिटाला किती ठोके हे आकड्यात सांगता येऊ लागले. १८५५ साली पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार बर्लिओझपुढे बाराशेच्या आसपास गायक-वादक होते. इतक्यांना एक छडी दिसेना. त्याने निरनिराळ्या गटांपुढे उपसंचालक बसवले आणि एका बेल्जियन संशोधकाने केलेले विजेचे लयमापक वापरले. बर्लिओझ उजव्या हाताने ताल देई आणि डाव्या हाताच्या बोटाने एक कळ दाबी. त्यासरशी तारेतून वीज जाऊन प्रत्येक उपसंचालकापुढची एक दांडी हले. तारायंत्राचा प्रसार होत होता त्या काळात त्याच युक्तीने संगीताचा ताल दूर नेला गेला.

मैदानावरच्या समूहगानाचे सर्वांत मोठे उदाहरण एस्टोनिया या छोट्या देशाचे आहे. तेथे १८६९ साली तार्तू गावी पहिला गीत-महोत्सव झाला. आता टाल्लिन शहरातल्या महोत्सवात वीस-तीस हजार लोक एकत्र गातात. गायक मोठ्या कमानीखाली उतरत्या पायऱ्यांवर उभे असतात आणि संचालक त्यांच्यासमोर उंच मनोऱ्यावर उभा राहतो. सोव्हिएत सत्तेच्या काळात याच मैदानाने लोकांना आपली भाषा आणि गाणी जपण्याची जागा दिली. १९८८ साली तेथे जमून गाणाऱ्या लोकसमुदायांमुळे तिथल्या स्वातंत्र्यचळवळीला ‘गाती क्रांती’ असे नाव पडले आणि १९९१ साली देश स्वतंत्र झाला.

महाराष्ट्रातले वृंदगान

आपल्या रागसंगीतात एकाने गावे आणि त्याला साथ मिळावी अशी रीत आहे. अनेकांनी एकाच वेळी निरनिराळे पण परस्परांना जुळणारे स्वर गावेत, ही पद्धत येथे बाहेरून आली. सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथला संगीतशिक्षक, म्हणजे ‘मेश्त’, चर्चच्या गायकवृंदाचे संचालनही करी. गोव्यातून मुंबईत आलेल्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, त्याची मुळे या शाळांत आहेत. मराठी ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीते रचली. त्यामुळे आपल्या चालीवरचे मराठी समूहगान चर्चमध्येही रुजले.

शास्त्रीय संगीत वर्गात बसून अनेकांनी एकत्र शिकावे, ही कल्पनाही तशी अलीकडची आहे. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलेखन, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांमुळे एक शिक्षक एकाच वेळी वीस-तीस मुलांना शिकवू लागला. घराण्यातला गुरू हळूहळू वर्गाचा शिक्षक झाला आणि त्याच्या हाताला टाळी-खालीबरोबरच वर्ग सांभाळण्याचे काम आले. स्वातंत्र्यचळवळीत प्रभातफेऱ्या निघाल्या. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून आणि पुढे कलापथकांतून समूहगीते घरोघर पोहोचली.

मुंबईत १९५० च्या दशकात दोन निराळे प्रयोग झाले. संगीतकार सलील चौधरी यांनी ‘बॉम्बे यूथ क्वायर’ उभा केला आणि भारतीय भाषांतली गीते अनेक स्वरांच्या मांडणीत बसवली. व्हिक्टर परांजोती यांनी पाश्चात्त्य पद्धतीचा वृंद उभारला आणि भारतीय वळणाची वृंदरचनाही केली. १९६७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्या वृंदाचे, म्हणजे परांजोती अकादमी कोरसचे, संचालन कूमी वाडिया यांनी हाती घेतले आणि अनेक दशके केले. जगातल्या नामांकित वाद्यवृंदांच्या व्यासपीठांवरही त्या काळात स्त्री संचालक क्वचित दिसे. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांपैकी बाल्टिमोरच्या प्रमुखपदी मॅरिन ऑल्सप यांच्या रूपाने पहिली स्त्री आली ती २००७ साली. त्याआधी चाळीस वर्षे मुंबईत एक स्त्री वृंदासमोर उभी होती, ही नोंद आपल्या मुलींना सांगायला हवी.

शाळांच्या दृष्टीने वसंत देसाई यांचे काम विशेष आहे. १९१२ साली जन्मलेल्या या संगीतकाराने ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांसाठी केलेल्या प्रार्थना देशभरच्या शाळांत गायल्या जाऊ लागल्या. साधी चाल, लहान आवाका, श्वास घेता येतील अशा ओळी हे गुण त्यांत आहेत. १९७५ साली निधन होण्यापूर्वीच्या काळात त्यांनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला शिकवण्याचे कामही केले. ‘एक सूर, एक ताल’ हे शब्द शाळांत रूढ झाले त्यामागे ही धडपड आहे. पुढे १९८० च्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने समूहगानाचा कार्यक्रम हाती घेतला आणि निरनिराळ्या भारतीय भाषांतली गीते शिक्षकांना शिकवली.

ध्वनिवर्धकाची राजवट

येथून पुढे संचालनाच्या इतिहासात नवे वळण येते. मैदानावर ध्वनिवर्धक आला. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही ही अडचण सुटल्यासारखी वाटली. मग ध्वनिफीत आली, तबकडी आली आणि आता मोबाईल आला. बऱ्याच शाळांत प्रार्थना, राष्ट्रगीत आणि २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ यांचे ध्वनिमुद्रण लावतात आणि मुले त्याबरोबर म्हणतात. लय बिघडत नाही, शब्द चुकत नाहीत, राष्ट्रगीत ५२ सेकंदांत पूर्ण होते. पेटी वाजवणारे शिक्षक नसलेल्या शाळेची यामुळे मोठी सोय झाली, हेही खरे आहे.

पण या सोयीची किंमत विज्ञानाच्या भाषेत सांगता येते. १९११ साली फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी दाखवले की आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, कारण त्याला आपला आवाज ऐकू येत नाही. ध्वनिवर्धकाजवळच्या मुलांचे हेच होते; ती ओरडतात. स्वीडनमधल्या स्टेन टर्नस्ट्रॉम यांच्या अभ्यासात आढळले की वृंदातल्या गायकाला स्वतःचा आवाज इतरांपेक्षा थोडा जास्त ऐकू आला तरच तो नीट सुरात राहतो. ध्वनिवर्धकाने हे प्रमाण उलटते. आपण गातो की नाही, सुरात आहोत की नाही, हे मुलाला कळेनासे होते. काही दिवसांनी ते फक्त ओठ हलवू लागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आवाज तर भरपूर असतो!

मैदानाच्या दोन टोकांना दोन कर्णे लावले असतील तर जुनी अडचण नव्या रूपात परत येते. दोन्ही कर्ण्यांतून आवाज एकाच क्षणी निघतो, पण ऐकणाऱ्यापासून त्यांची अंतरे वेगळी असल्याने तो दोनदा पोहोचतो. शिवाय ध्वनिमुद्रणातली पट्टी बहुधा मोठ्या माणसाच्या गळ्याची असते. लहान मुलांना ती खाली जाते किंवा वर चढते, आणि मग ‘या वर्गाला गळाच नाही’ असा शेरा मिळतो.

सर्वांत मोठा फरक मात्र चोपदाराच्या गोष्टीशी जोडलेला आहे. मोबाईलमधले गाणे ताल देते, पण ऐकत नाही. मागची रांग दमली, लहान वर्गाला शब्द आले नाहीत, कोणी अडखळले, तरी ते थांबत नाही. टाळ वाजवत राहून आपले म्हणणे ऐकवण्याची सोय त्यात नाही.

जाळ्यावरचा वृंद

जगातल्या वृंदगानात गेल्या काही वर्षांत जे घडले, तेही याच प्रश्नाभोवती फिरते. २०१० साली अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी एक प्रयोग केला. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहत, कोणी गात नसताना, संचालन करतानाचे स्वतःचे चित्रीकरण केले. ते पाहत १२ देशांतल्या १८५ जणांनी आपापल्या घरी आपला भाग गाऊन पाठवला आणि सगळे तुकडे संगणकावर एकत्र केले. २०२० साली अशाच उपक्रमात १२९ देशांतले सतरा हजारांहून अधिक लोक सहभागी झाले.

ते वर्ष वृंदगानाला फार कठीण गेले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण आले होते. त्यांपैकी ५३ जण कोविडने आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. गाताना श्वासाबरोबर बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगतात, हे या घटनेच्या अभ्यासाने पुढे आणले. जगभर सराव बंद झाले आणि लोक इंटरनेटवरून एकत्र गाण्याची धडपड करू लागले.

तेथे पुन्हा विलंब आडवा आला. लातूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो अडीच मिलिसेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी एक मीटरही जात नाही! मग अडचण कोठे? आवाजाचे अंकांत रूपांतर, त्याचे तुकडे करून पाठवणे, वाटेतली यंत्रे आणि पुन्हा आवाज तयार करणे यांत मिळून शंभर मिलिसेकंद किंवा अधिक वेळ सहज जातो. प्रयोगांत असे दिसले आहे की विलंब २५-३० मिलिसेकंदांपलीकडे गेला की एकत्र वाजवणाऱ्यांची लय रेंगाळू लागते. हवेतल्या अंतरात मोजले तर हे आठ-दहा मीटर होतात. आपल्या मैदानाचेच गणित येथे जाळ्यावर उतरलेले आहे.

म्हणून जाळ्यावरचे वृंद प्रत्यक्षात एकत्र गातच नाहीत. एकेकटे गातात आणि नंतर जोडले जातात. संचालकाची खूण सर्वांना दिसते, पण त्याला कोणी ऐकू येत नाही. ज्यांनी हे केले त्यांच्यापैकी अनेकांना उणीव भासली ती याचीच.

याच काळात दुसऱ्या बाजूने संचालनाचा अर्थ विस्तारलाही आहे. १९९५ साली व्हेनेझुएलात बहिऱ्या मुलांना सामावून घेणारा ‘पांढऱ्या हातांचा वृंद’ सुरू झाला. त्यात काही मुले गातात आणि काही पांढरे हातमोजे घालून हातांच्या हालचालींनी गाणे दाखवतात. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथील संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. ओळींमुळे सर्वांचा श्वास एका लयीत येत असल्याने हृदयगतीतले चढउतारही एकमेकांशी जुळत होते. संचालक ठोक्याआधी हात वर उचलतो तेव्हा तो श्वास घ्यायला सांगत असतो, हे चांगल्या शिक्षकांना ठाऊक होतेच. आता त्याचे मोजमाप मिळाले.

शाळेत काय करता येईल

यासाठी पेटीची किंवा गाण्याच्या शिक्षकाचीही गरज नाही. काही प्रयोग विज्ञानाच्या तासाला करता येतील. त्यासाठी राष्ट्रगीत न घेता एखादे परिचित समूहगीत घ्यावे.

पहिला प्रयोग टाळीचा. एका विद्यार्थ्याला मैदानाच्या टोकाला उभे करून हात डोक्यावर नेऊन सावकाश टाळ्या वाजवायला सांगाव्यात. बाकीच्यांनी शंभर मीटरांवरून हात जुळलेले पाहावेत आणि आवाज ऐकावा. दृश्य आणि आवाज यांतले सुमारे ०.३ सेकंदाचे अंतर प्रत्येकाला जाणवेल.

दुसरा प्रयोग लयीचा. मुलांना लांब रांगांत उभे करून, संचालक न ठेवता आणि डोळे मिटून, एक गीत म्हणायला सांगावे आणि घड्याळाने वेळ मोजावी. मग तेच गीत एका विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहून म्हणावे. शेवटी वर्तुळात उभे राहून म्हणावे. तिन्ही वेळा फळ्यावर लिहून मुलांनाच कारण शोधू द्यावे.

तिसरा प्रयोग श्वासाचा. हात वर जाताना सर्वांनी श्वास घ्यायचा आणि हात खाली येताच पहिला शब्द म्हणायचा. तोंडाने ‘एक-दोन-तीन’ म्हणून केलेली सुरुवात आणि ही सुरुवात यांची तुलना करावी.

प्रार्थनेच्या वेळी उंच ओट्यावर उभे राहून हात दाखवण्याचे काम आठवड्याला एका विद्यार्थ्याकडे द्यावे, आणि ते केवळ गोड गळ्याच्या मुलांपुरते ठेवू नये. रांगा लांब करण्याऐवजी अर्धवर्तुळात उभ्या कराव्यात. ध्वनिमुद्रण लावायचेच असेल तर ते नवी चाल शिकण्यापुरते लावावे आणि चाल आली की बंद करावे. पहिले काही दिवस आवाज विस्कळीत येईल. त्या दिवसांत ओट्यावरच्या विद्यार्थ्याला एकच काम सांगावे: कोणती रांग मागे पडते आहे ते ऐकायचे, आणि गाणे संपल्यावर त्या रांगेकडे जाऊन विचारायचे की काय अडले.